झोपलेली कनेक्शन्स

माझा नातू सर्व्हर सांभाळतो. ‘टू मेनी कनेक्शन्स’ हे त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकले, की मी त्याचा इतिहासच शोधत बसलो. तो निघाला शंभर वर्षांमागच्या कोपनहेगनमध्ये!

आग्नर एर्लांग (१८७८–१९२९) आधी काही वर्षे शाळामास्तर होता (म्हणजे आपल्याच बिरादरीतला), १९०८ मध्ये तिथल्या टेलिफोन कंपनीत गेला. तारा मोजक्या, बोलणारे अनेक. मग किती जणांना लाइन मिळणार नाही? १९१७ साली त्याने सूत्र मांडले. नुसती गर्दी मोजून भागत नाही, प्रत्येकजण तार किती वेळ अडवतो तेही धरावे लागते.

१९९५ मध्ये आलेल्या मायएसक्यूएल डेटाबेसचेही तेच. आज मुद्दाम काही बदलले नाही तर एका वेळी १५१ कनेक्शन्स. वर एक जागा फक्त व्यवस्थापकासाठी राखीव. त्याने आत शिरून पाहायचे, जागा कोणी अडवल्यात. आणि पुष्कळदा दिसते काय, तर झोपलेली कनेक्शन्स! प्रोग्रॅमने घेतली, काम उरकले, परत दिलीच नाहीत. डेटाबेस ती आपणहून तोडतो २८,८०० सेकंदांनी, म्हणजे तब्बल आठ तासांनी. तोवर बाहेरच्यांना नकारघंटा.

घाईघाईत लोक १५१ चे ५०० करतात. पण प्रत्येक कनेक्शन मेमरी खाते. शेवटी मशीनच मान टाकते. हा मला तरी आळशीपणा वाटतो. नातू आधी ‘शो प्रोसेसलिस्ट’ देऊन यादी मागवतो आणि पहिली नजर ‘टाइम’च्या रकान्यावर टाकतो.