शेख महंमदांचा संग्राम

कुर्डुवाडीला पंढरपूरचे वारकरी गाडी बदलत. बार्शी लाईटची ती छोटी गाडी १९०६ साली पंढरीपर्यंत गेली. आता ब्रॉडगेज आहे. ती गर्दी आठवली की मला श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवतात. मुसलमान घरात जन्मलेल्या या संतकवीने १६४५ साली १८ प्रसंगांचा ‘योगसंग्राम’ रचला. संग्राम कुणाशी? शेजाऱ्याशी नव्हे, स्वतःच्या अहंकाराशी. सूफी ज्याला जिहाद-ए-अकबर, म्हणजे नफ्सशी झुंज म्हणतात, तीच ही, मराठी ओवीत. गुरू कादरी परंपरेतले चांद बोधले. ढोंगी गुरू आणि ढोंगी फकीर, दोघांवरही त्यांनी कोरडे ओढले. ते पीर की संत, हा वाद आपला, त्यांचा नव्हे. आपल्या घरांतल्या कपाटांत मात्र ‘योगसंग्राम’ क्वचितच दिसतो.