पोस्टातच राहायला गेलेली पत्रं

एक छोटं काम करा. तुमच्या ईमेल खात्यात अगदी तळाशी जा आणि सगळ्यात जुनी मेल कोणत्या वर्षाची आहे ते बघा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं काहीतरी निघेल. आता सांगा, ही मेल इतकी वर्षं होती कुठे? तुमच्या कपाटात तर नव्हती.

माझं पीएचडीचं काम ईमेलच्या इतिहासावर आहे, म्हणून ओळखीचे लोक मला हमखास विचारतात, "कॉम्प्युटरवर कोणता ईमेल क्लायंट घेऊ?" त्यांना एका नावाची अपेक्षा असते. मी मात्र उलट विचारते, तुमची पत्रं कुठे राहायला हवीत? हा प्रश्न चाळीस वर्षं जुना आहे. त्याचं उत्तर दरवेळी बदलत गेलं आणि आपण ते फारसं लक्षातही घेतलं नाही.

सुरुवात 1984 पासून करू. टेबलावरचे छोटे कॉम्प्युटर तेव्हा दिवसभर चालू नसत, त्यामुळे आलेली मेल कुणीतरी सांभाळून ठेवणं भाग होतं. त्यासाठी जी पद्धत ठरली तिचं नावच 'पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल', म्हणजे पॉप. सर्व्हर हे पोस्ट. तिथे जायचं, पत्रं घ्यायची, घरी यायचं. पत्र उचललं की सर्व्हरवरची प्रत सहसा पुसली जाई.

1988 मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या स्टीव्ह डॉर्नर यांनी मॅकिंटॉशसाठी 'युडोरा' लिहिला. हा त्या काळातला गाजलेला क्लायंट. नाव घेतलं होतं लेखिका युडोरा वेल्टी यांच्यावरून. घरच्यांशी भांडून पोस्टातच बिऱ्हाड करणाऱ्या बाईची त्यांची एक कथा आहे. गंमत अशी की युडोराचं काम नेमकं उलटं होतं, पत्रं पोस्टातून घरी आणण्याचं. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हाही हीच रीत सोयीची होती. फोनचं मीटर पळत असायचं. मेल उतरवून घ्यायची, फोन ठेवायचा आणि मग निवांत वाचत बसायचं.

दुसरी वाट 1986 मध्येच निघाली होती. स्टॅनफर्डच्या मार्क क्रिस्पिन यांची आयमॅप. हिच्यात पत्र सर्व्हरवरच राहतं आणि तुम्ही कुठूनही ते वाचता. सोय मोठीच, पण पत्राचा पत्ता बदलला.

त्याच 1986 सालचा एक अमेरिकन कायदा मी सध्या वाचतेय. इलेक्ट्रॉनिक संदेशांच्या खासगीपणासाठीच केलेला. त्यात सर्व्हरवरच्या मेलसाठी 180 दिवसांची रेघ मारलेली आहे. तोवरची मेल सरकारला हवी असेल तर न्यायाधीशाचं वॉरंट लागेल. त्याहून जुनी असेल तर साध्या समन्सवरही भागेल, फक्त खातेदाराला कळवायचं, आणि तेही लांबवता येईल. आज हे विचित्र वाटतं, पण तेव्हा साठवणुकीची जागा महाग होती. सहा महिने पोस्टात पडून राहिलेलं पत्र म्हणजे मालकाने सोडून दिलेलं पत्र, असा तो हिशोब.

मग जागा स्वस्त झाली. 1996 मध्ये हॉटमेल आलं आणि 1 एप्रिल 2004 ला जीमेल, तेही फुकटात एक गिगाबाइट घेऊन. मेल पुसण्याची गरजच उरली नाही. सगळ्यांची पत्रं कायमची पोस्टात राहायला गेली. मोबदल्यात जीमेलची यंत्रणा मेलमधले शब्द वाचून जाहिराती दाखवायची. ते बंद करत असल्याचं गूगलने 2017 मध्ये जाहीर केलं.

"मग पॉप वापरू, प्रश्न मिटला!" असं म्हणत असाल तर थांबा. स्टीव्हन वॉरशॅक नावाच्या अमेरिकन व्यावसायिकावर फसवणुकीचा तपास चालू होता. त्याची मेल पॉपने उतरायची आणि सर्व्हरवरून आपोआप पुसली जायची. 2004 मध्ये सरकारने सेवा कंपनीला सांगितलं की यापुढे त्याच्या प्रती राखून ठेवा आणि त्याला कळवू नका. पुढे वॉरंटशिवाय सुमारे 27 हजार मेल तपासयंत्रणेच्या हाती गेल्या. त्याला हे कळलं 2006 मध्ये. डिसेंबर 2010 मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की ईमेलला पत्राइतकंच संरक्षण आहे, वॉरंट हवंच. पण तपास अधिकाऱ्यांनी तेव्हाच्या कायद्यावर प्रामाणिकपणे विसंबून काम केलं, म्हणून त्या मेल पुराव्यातून काही बाद झाल्या नाहीत.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 खाली असा आदेश न्यायाधीश देत नाहीत, केंद्राचे किंवा राज्याचे गृहसचिव देतात. क्लायंट निवडताना हे डोक्यात असू द्या. तुमच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम पोस्टमास्तरचे हात बांधू शकत नाही.

मग क्लायंटने फरक पडतो कुठे? एक, तो मध्ये आणखी एक पोस्ट उभं करतो का? थंडरबर्ड थेट तुमच्या सर्व्हरशी बोलतो. विंडोजवरचा नवा आउटलुक मात्र दुसऱ्या कंपनीच्या खात्यातली मेलही मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर आणून ठेवतो. दोन, मेलमधली बाहेरून येणारी चित्रं तो आपोआप उघडतो का? उघडत असेल तर तुम्ही मेल कधी वाचली हे पाठवणाऱ्याला कळू शकतं. थंडरबर्ड ती मुळातच अडवतो. तीन, मजकूर कुलूपबंद करता येतो का? थंडरबर्डमध्ये 2020 पासून ती सोय आतच आहे. पण कुणी कुणाला कधी लिहिलं, हे कुलूप लावूनही उघडंच राहतं.

आणि पत्र घरी आणलं की घर सांभाळणंही आलंच. थंडरबर्ड मेल साध्या फाइलमध्ये ठेवतो, लॅपटॉप हाती लागला की कुणीही वाचावी अशा. हार्ड डिस्क गेली तर पत्रंही गेली.

हे सगळं मी इतकं घोळवतेय कारण माझ्याशी मेलवर बोलणाऱ्या काही लोकांना मी लिहून दिलंय की तुमचं नाव बाहेर येणार नाही. ते लिहून देताना त्या मेल कुठे पडून राहणार याचा मी विचारच केला नव्हता. आता संशोधनाचं खातं वेगळं केलंय. थंडरबर्ड, पॉप, 14 दिवसांनी सर्व्हरवरून पुसायचं, अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केलेली आणि दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप. रोजच्या खात्यावर आयमॅपच आहे, कारण बिलं आणि तिकिटं फोनवरही लागतात.

यातही एक भोक उरतंच. माझ्याकडची प्रत मी सांभाळेन, पण समोरच्याची प्रत त्याच्या पोस्टात आहे. म्हणून आता कुणाला पहिली मेल पाठवताना मी शेवटी एक ओळ घालते: नाजूक काही सांगायचं असेल तर लिहू नका, मी भेटायला येते.