जीवघेणी मिठी : संगणकातल्या कोंडीचा इतिहास

राधाबाई गोपाळरावांच्या खात्यात पैसे पाठवतात आणि नेमक्या त्याच क्षणी गोपाळराव राधाबाईंच्या. हिशेब चुकू नये म्हणून बँकेचा संगणक प्रत्येक व्यवहारासाठी दोन्ही खाती कुलूपबंद करू पाहतो. पहिल्या व्यवहाराने राधाबाईंचे खाते धरले, आता त्याला गोपाळरावांचे हवे आहे. दुसऱ्याने गोपाळरावांचे धरले आणि त्याला राधाबाईंचे हवे आहे. दोघेही नियमाने वागत आहेत, दोघेही वाट पाहत आहेत आणि बाहेरून कोणी लक्ष घातले नाही, तर पाहतच राहतील. या अवस्थेला संगणकशास्त्रात डेडलॉक म्हणतात. आपण कोंडी म्हणू.

या कोंडीचा अभ्यास सुमारे साठ वर्षांपूर्वी सुरू झाला. तोपर्यंत संगणक बहुधा एका वेळी एकच काम करी. छपाईयंत्र किंवा चुंबकीय फीत सावकाश चालत असताना महागडा गणनविभाग रिकामा बसे. तो वेळ वाया जाऊ नये म्हणून एकाच यंत्रावर अनेक कामे आलटून पालटून चालवण्याची पद्धत आली. साधने तीच राहिली, मागणारे वाढले.

नेदरलँड्समधील आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात एड्सगर डाइक्स्ट्रा अशीच एक प्रणाली बांधत होते. १९६५च्या एका प्रदीर्घ टिपणात त्यांनी या अवस्थेला ‘जीवघेणी मिठी’ म्हटले. मिठी म्हटली की मराठी वाचकाला प्रतापगड आठवतो, पण इथे कोणाच्याही मनात कपट नाही. दोष एकट्या कोणाचा नसताना सगळेच अडतात, हेच या कोंडीचे वैशिष्ट्य.

डाइक्स्ट्रांनी उपाय सुचवला तो सावध सावकाराचा. समजा, त्याच्याकडे १० नाणी आहेत. एका ऋणकोची कमाल गरज ८ आणि दुसऱ्याची ७, असे त्यांनी आधीच सांगितले आहे. पहिल्याने ४ नेली, दुसऱ्याने २. तिजोरीत ४ उरली. दुसरा आणखी १ मागतो. दिले तर उरतील ३, आणि दोघांनाही आपापले काम पुरे करायला प्रत्येकी ४ लागू शकतील. म्हणून तिजोरीत नाणी असूनही सावकार ‘थांबा’ म्हणतो. आत्ता देता येते का, यापेक्षा दिल्यानंतर सगळ्यांची कामे पार पडण्याचा एक तरी मार्ग उरतो का, हे तो पाहतो.

युक्ती सुंदर आहे, पण प्रत्येकाने आपली कमाल गरज आधी सांगायला हवी. आयबीएमच्या मोठ्या प्रणालींचा अनुभव असलेल्या हॅवेंडर यांनी १९६८ साली अधिक साधा मार्ग मांडला. साधनांना क्रम लावा आणि सर्वांनी त्याच क्रमाने मागणी करावी. राधाबाई-गोपाळरावांच्या बाबतीत लहान क्रमांकाचे खाते आधी धरायचे, मग पैसे कोणीही कोणाला पाठवोत. दोन्ही व्यवहार एकाच दाराशी रांगेत येतात आणि वर्तुळ तयारच होत नाही.

१९७१मध्ये कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी कोंडीच्या चार अटी सांगितल्या. साधन एका वेळी एकालाच मिळते. हातातले न सोडता दुसरे मागता येते. धरलेले कोणी हिसकावून घेऊ शकत नाही. आणि वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ पूर्ण होते. चारही अटी एकत्र आल्याशिवाय कोंडी होत नाही. त्यामुळे यातली कोणतीही एक मोडली की पुरे.

माहितीसाठ्यांच्या जगात मात्र पेच वाढला. १९७६ साली आयबीएमच्या सॅन होजे येथील ईश्वरन, ग्रे, लोरी आणि ट्रेगर यांनी दाखवले, की माहितीची सुसंगती हमखास टिकवायची असेल, तर एकदा कुलूप सोडायला सुरुवात केल्यावर व्यवहाराने नवे कुलूप घेऊ नये. म्हणजे सगळी मिळेपर्यंत हातातली धरून ठेवणे आले, आणि कोंडीची दुसरी अटही आली. शिवाय कोणत्या नोंदी लागतील हे व्यवहाराला पुष्कळदा वाचता वाचताच कळते. मग सावकाराला आधी काय सांगणार? क्रम तरी कसा पाळणार?

म्हणून इथे तिसरी अट मोडली गेली. केलेल्या बदलांची नोंद असल्याने व्यवहार अर्धवट असताना पूर्ववत करता येतो. कोण कोणासाठी थांबले आहे याचा आलेख पाहायचा, वर्तुळ सापडले की त्यातल्या एकाचा बळी द्यायचा. त्याचे काम पुसले जाते, कुलुपे सुटतात, बाकीचे पुढे जातात. पोस्टग्रेसक्यूएल ही आजची प्रचलित प्रणाली सर्वसाधारणपणे १ सेकंद वाट पाहून असा शोध घेते.

पण बळी निर्दोष असतो. तो पुन्हा आला आणि पुन्हा त्याचाच बळी गेला तर? १९७८मध्ये रोझेनक्रान्झ, स्टर्न्स आणि लुइस यांनी ज्येष्ठतेचा नियम सुचवला. प्रत्येक व्यवहाराला आगमनाची वेळ द्यायची आणि संघर्षात माघार धाकट्याने घ्यायची. माघार घेतलेला परत येतो तो जुनीच वेळ घेऊन. त्यामुळे आज हटलेला एक दिवस सर्वांत ज्येष्ठ होतो आणि मग त्याला कोणी हटवू शकत नाही.

कोंडी सोडवायला साठ वर्षांत कोणीही कामांना अधिक समजूतदार व्हायला सांगितले नाही. आधी ठरलेला क्रम, किंवा माघारीची सोय, एवढेच मार्ग सापडले. आणि माघार घ्यायला लावायची, तर त्या माघारीची नोंद ठेवायला हवी.