अनुच्छेद १२२ : ओळीगणिक भाष्य

(ओळींचा आशय सोप्या मराठीत दिला आहे.)

‘संसदेतील कोणत्याही कामकाजाची वैधता…’

कामकाज म्हणजे नुसती भाषणे आणि मतदान नव्हे. सदस्याला घरी पाठवणारा ठरावही त्यातच आला. १२ डिसेंबर २००५ रोजी पैसे घेऊन प्रश्न विचारणारे खासदार दूरचित्रवाणीवर दिसले. २३ डिसेंबरला लोकसभेने १० जणांना आणि राज्यसभेने एकाला काढून टाकले. जळगावचे वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे एम. के. अण्णा पाटील त्यांतलेच.

‘…कार्यपद्धतीत अनियमितता झाली, एवढ्या आरोपावरून…’

सगळी मेख इथे आहे. या बडतर्फीला आव्हान देणाऱ्या राजाराम पाल खटल्यात १० जानेवारी २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ विरुद्ध १ मतांनी बडतर्फी कायम केली, पण सभागृहाच्या निर्णयाकडे न्यायालयाने पाहूच नये, हा दावा फेटाळला. नियमातली एखादी पायरी गाळली, तर ती अनियमितता; तिकडे न्यायालय बघणार नाही. संविधानाचा भंग, ढळढळीत बेकायदा कृती किंवा दुष्ट हेतू असेल तर मात्र बघेल. पुरावा पुरेसा होता का, हे ठरवणे सभागृहाचे काम. अकरा दिवसांत आटोपलेल्या प्रकरणात न्यायालयाला वावगे काही आढळले नाही. अधिकार सांगितला मोठा, वापरला जपून.

न्या. रवींद्रन यांचे भिन्नमत मला आजही वजनदार वाटते. खासदाराची जागा केव्हा रिकामी होते, हे अनुच्छेद १०१ ते १०३ मध्ये सांगून झाले आहे. त्यात बडतर्फी नाही, म्हणून सभागृहाला तो अधिकारच नाही. बहुमताने तो अनुच्छेद १०५(३) मधून, म्हणजे ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्सच्या विशेषाधिकारांतून काढला. एकसंध लिखित संविधान नसलेल्या देशाकडून ही उसनवारी!

‘…न्यायालयात आव्हान देता येणार नाही.’

राज्यांसाठी अनुच्छेद २१२ हेच सांगतो. त्याची कसोटी महाराष्ट्र विधानसभेमुळे लागली. ५ जुलै २०२१ रोजी गैरवर्तनाच्या कारणावरून भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिवेशनापलीकडचे निलंबन घटनाबाह्य ठरवले. बडतर्फ सदस्याची जागा रिकामी होते, पोटनिवडणूक होते. निलंबिताची जागा कागदोपत्री भरलेलीच राहते आणि मतदारसंघाला वर्षभर सभागृहात कोणी वाली नसतो. म्हणून न्यायालयाने ही शिक्षा बडतर्फीहूनही वाईट मानली. पायरी चुकली एवढेच इथे नव्हते. एवढी शिक्षा देण्याचा अधिकारच नव्हता. २००७ ची रेषा खऱ्या अर्थाने कामाला आली ती इथे.

खंड (२): ‘कामकाज चालवणारा अधिकारी किंवा सदस्य त्या अधिकाराच्या वापराबद्दल न्यायालयाच्या कक्षेत येणार नाही.’

संरक्षण व्यक्तीला आहे. ठराव तपासता येतो. तो मंजूर झाल्याचे जाहीर करणाऱ्या अध्यक्षाला जाब विचारता येत नाही. २००६ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष सोमनाथ चटर्जी यांनी तर राजाराम पाल खटल्यात न्यायालयाची नोटीसच स्वीकारली नाही. खटला तरीही चालला, सभागृहाची बाजू केंद्र सरकारच्या वकिलांनी लढवली, आणि निकाल सभागृहाच्याच बाजूने लागला.