हेल्मेटचा इतिहास: लॉरेन्सचे डॉक्टर, पुण्याची पगडी आणि आमच्या आप्पांचं माप

(भागाची लिखित प्रत. बोलताना घसरलेली दोन-तीन वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गाडीच्या आरशाला लटकलेला आहे. काहींच्या कोपरात अडकवलेला असेल. हो, हेल्मेट. डोक्यासाठी केलेली ही वस्तू आपल्याकडे डोकं सोडून सगळीकडे असते. असं का होतं, ते शोधायला आज शंभर वर्षं मागे जाऊ. पण आधी आमच्या घरातली गोष्ट.

मी मूळचा कळंबचा. इंदापूर तालुक्यातलं, वालचंदनगरला चिकटून असलेलं कळंब. नोकरी पुण्यात, कोड लिहायची. महिन्यातून दोनदा शुक्रवारी संध्याकाळी बाईक काढतो. पाटस, बारामती, काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन आणि मग वालचंदनगरकडे वळून घर. दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, रात्री साडेनऊच्या सुमारास लासुर्ण्याच्या अलीकडे समोरून एक कार आली, हेडलाइट पूर्ण वर. माझ्या हेल्मेटची काच तीन वर्षांची जुनी, ओरखड्यांनी भरलेली. तो प्रकाश काचेवर असा फुटला की समोर नुसता पांढरा पडदा. कार गेली, पडदा उठला, आणि दहा-बारा फुटांवर उसाने भरलेली ट्रॉली. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, बाहेर आलेलं वाढं रस्त्याला टेकलेलं. ब्रेक लागला, गाडी तिरकी झाली, ट्रॉलीला घासून पुढे निघालो.

घरी येऊन आप्पांना सांगितलं. वाटलं, ट्रॉलीवाल्याला शिव्या देतील. ते म्हणाले, "म्हणूनच मी घालत नाही. त्यातनं दिसत नाही." आता बोला! डोक्याला टॉवेल गुंडाळून स्प्लेंडरवर अख्खा तालुका फिरणाऱ्या माणसाला मीच आयता मुद्दा दिला होता. त्या आठवड्यात मी हेल्मेटचा इतिहास वाचायला लागलो, आप्पांना हरवायला म्हणून. झालं वेगळंच.

सुरुवात १९१४ पासून करू. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स नावाचा शर्यतीचा ट्रॅक होता आणि तिथे डॉ. एरिक गार्डनर हे वैद्यकीय अधिकारी होते. त्यांच्या लक्षात आलं की साधारण दर पंधरा दिवसांनी डोक्याला मार लागलेला एक तरी मोटरसायकलवाला आपल्यापुढे येतो. त्यांनी एका कारागिराकडून कॅनव्हास आणि लाखेची कडक टोपी करून घेतली. कल्पना सोपी होती: टोपी मार सोसेल इतकी टणक हवी आणि धडक निसटून जाईल इतकी गुळगुळीत. शर्यतींच्या संघटनेने आधी नाक मुरडलं, मग मान्य केलं, आणि त्याच वर्षीच्या आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत ती सक्तीची झाली. आणि चालवणाऱ्यांनी काय केलं? कुरकुर! म्हणजे हेल्मेट आणि हेल्मेटसक्तीचा विरोध एकाच वर्षी जन्मले.

पुढचं नाव तुम्ही ऐकलं असेल. टी. ई. लॉरेन्स, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमध्ये आपल्या ब्रफ सुपीरियर मोटरसायकलवरून जाताना सायकलवरच्या दोन मुलांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोकं उघडंच. सहा दिवस बेशुद्ध होता, १९ मेला गेला. वय ४६. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. त्यांना तो मृत्यू लागला. पुढे दुसरं महायुद्ध आलं, लष्कराचे निरोपे मोटरसायकलवरून धावू लागले, आणि केर्न्स यांनी आकडे गोळा केले. १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख आला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसलेले लोक मेले होते. हेल्मेट घालून अपघात झालेले मात्र केर्न्सना मोजून सातच सापडले, आणि ते सातही जगले होते. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट बंधनकारक केलं. सामान्य लोकांसाठी मात्र ब्रिटनने १९७३ उजाडू दिलं. त्याआधी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने कायदा केला होता.

आता इथे एक तांत्रिक वळण आहे, ते नीट समजून घ्या. गार्डनर आणि केर्न्स यांच्या काळातल्या हेल्मेटांचा भर बाहेरच्या टणक कवचावर होता. पण नुसतं टणक भांडं डोक्यावर ठेवून आपटलं तर भांडं वाचतं आणि आतला मेंदू कवटीवर आदळतो. १९५३ साली अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोम्बार्ड यांनी वेगळी रचना मांडली: कवचाच्या आत असा थर हवा जो स्वतः चेपला जाईल आणि धडकेची ऊर्जा खाईल. आज आपल्या हेल्मेटमध्ये जो थर्माकोलसारखा कडक थर असतो, तो हेच काम करतो. तो एकदाच चेपला जातो, परत फुगत नाही. म्हणून मोठा मार बसलेलं हेल्मेट वरून चकचकीत दिसलं तरी बाद.

आणि या थराची एक अट आहे. तो डोक्याला सगळीकडून टेकलेला हवा. मध्ये पोकळी राहिली तर डोकं आधी पोकळीत हलतं आणि मग थरावर आदळतं. हेल्मेट फार ढिलं असेल तर ते अपघातात डोक्यावर राहतच नाही. म्हणजे माप ही आरामाची बाब नाही, ते यंत्राचा भाग आहे.

आता पुण्यात येऊ. पुणं म्हणजे दुचाकीचं माहेर. आकुर्डीचा बजाज, १९७२ ची चेतक, त्याच वर्षीची कायनेटिकची लुना. दोन-तीन पिढ्या उघड्या डोक्याने या गाड्यांवर वाढल्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट आलं, पगडी घालणाऱ्या शिखांना सूट मिळाली, पण कागदावरचा नियम रस्त्यावर येतो आणि जातो, हे आपण बघतोच. १ जानेवारी २०१९ पासून पुणे पोलिसांनी कारवाई कडक केली तेव्हा शहरात हेल्मेटसक्ती विरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली. पुणेरी पगड्या घालून निषेध झाले. बाहेरचे लोक हसले. मीही तेव्हा हसलो होतो.

पण त्या विरोधाचे मुद्दे काय होते? मान दुखते. ऐकू येत नाही. बाजूचं दिसत नाही. गुदमरतं. शहरात वेगच नाही तर कशाला? हेच मुद्दे आप्पांचेही. यातले दोन तपासले गेले आहेत. लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी करणारा हॅरी हर्ट यांचा अहवाल १९८१ मध्ये आला. हेल्मेटमुळे अपघाताआधी धोका दिसला नाही किंवा वाहतुकीचा महत्त्वाचा आवाज ऐकू आला नाही, असं त्यात आढळलं नाही. आणि फायदा? जगभरातल्या अभ्यासांचा २००८ चा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो.

मी विजयी मुद्रेने हे आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ते अमेरिकेचं जाऊ दे. माझं डोकं चेपल्यागत होतं त्याचं काय? गाडी चालवू का कपाळ धरून बसू?"

त्यांचं हेल्मेट मीच ऑनलाइन मागवलं होतं, मधल्या मापाचं, अंदाजाने. आईच्या शिलाई मशिनच्या खणातून टेप काढली. भुवयांच्या वर साधारण दोन बोटं, कानांच्या वरून, मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग. आप्पांचं डोकं भरलं ६० सेंटीमीटर. हेल्मेट उलटं करून आतली चिठ्ठी वाचली: ५८०. आपल्याकडे हे माप मिलिमीटरमध्ये छापतात. ५८० म्हणजे एम, ६०० म्हणजे एल. दोन सेंटीमीटर कमी मापाचं हेल्मेट मी वडिलांना घालायला लावत होतो आणि त्यांना अडाणी ठरवत होतो. माझी मान खाली.

मग वाटलं, पगडी घातलेल्या त्या पुणेकरांपैकी किती जणांना आयुष्यात एकदा तरी कुणी टेप लावून हेल्मेट दिलं असेल? रस्त्याकडेला टांगलेलं, येईल ते उचललेलं, पावतीच्या भीतीने डोक्यावर ठेवलेलं. ते दुखणारच. डॉक्टरांनी कवटीचा विचार केला, कायद्याने दंडाचा केला, पण माणसाला ते तासभर घालवतंय का, हा प्रश्न आपल्याकडे फार उशिरा आला. सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीच्या सूचनेनंतर डॉक्टर आणि बीआयएसच्या तज्ज्ञांनी आपल्या हवामानाला हलकी हेल्मेट्स बरी, अशी शिफारस केली ती २०१८ मध्ये. आणि आयएसआय शिक्का नसलेल्या दुचाकी हेल्मेटवर बंदी लागू झाली १ जून २०२१ पासून.

आप्पा कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. मी त्यांना एवढंच म्हणालो, "आप्पा, शाफ्टवर बेअरिंग ढिलं बसलं तर?" ते म्हणाले, "खडखडणार, खाऊन टाकणार." "आणि जास्त घट्ट बसवलं तर?" "तापणार." दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "चल, बारामतीला जाऊ."

बारामतीच्या दुकानात त्यांनी जे केलं ते तुम्हीही करा. हेल्मेट घालून पट्टा लावला, पट्ट्याखाली दोनच बोटं जातील इतका. हाताने हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवलं, तेव्हा गालाची कातडीही सोबत सरकायला हवी. मागून वर ढकलून पुढे निघतंय का बघितलं. आणि मग दुकानदाराच्या स्टुलावर पंधरा मिनिटं बसून राहिले, चहा घेत, हेल्मेट घालूनच (चहा कसा प्यायले ते विचारू नका). काढल्यावर मी कपाळ बघितलं. एकाच जागी लाल वण उठला तर माप बरोबर असूनही आकार चुकलेला असतो. कुणाचं डोकं गोल असतं, कुणाचं पुढे-मागे लांबट. पहिली कंपनी कपाळावर टोचली, दुसरी बसली. गाल थोडे दाबले गेले तर चालतं, तिथला फोम काही आठवड्यांत बसतो. कपाळावरचा टोचरेपणा मात्र जात नाही.

आता राहिली काच, जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं. पूर्वी चालवणारे गॉगल लावायचे. चेहरा पूर्ण झाकणारं काचेचं हेल्मेट १९६८ मध्ये डॅन गर्नीने कारच्या शर्यतीत घातलं आणि मग ते सगळीकडे पसरलं. आपण काच म्हणतो ती असते पॉलिकार्बोनेट, १९५३ मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत जवळपास एकाच वेळी हाती लागलेलं प्लास्टिक. दणका सहन करण्यात जबरदस्त, ओरखड्यांच्या बाबतीत नाजूक. माझी काच कशाने गेली? मीच घालवली. संध्याकाळी कालव्याच्या कडेने जाताना चिलटं चिकटायची, वर धूळ, आणि मी सिग्नलला शर्टाच्या बाहीने कोरडीच पुसायचो. ती धूळ म्हणजे बारीक वाळूच, म्हणजे रोज पॉलिश पेपर मारत होतो. दिवसा ते कळत नाही. रात्री समोरून दिवा आला की प्रत्येक ओरखडा पेटतो.

तर काच अशी सांभाळा. ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून चिलटं भिजू द्या, मग साबणाच्या पाण्याने बोटांनी धुवा. पेट्रोल, थिनर लावू नका, त्याने प्लास्टिक जातं. काळी काच रात्री वापरू नका, मग ती कितीही भारी दिसो. नीरेकाठी हिवाळ्यात पहाटे धुकं असतं, आणि त्यात आपला गरम श्वास गार काचेला लागून आतून वाफ धरते. तेव्हा काच एक खाच वर ठेवा आणि हनुवटीची जाळी उघडी ठेवा. थोडे पैसे असतील तर आतून दुसरी पातळ काच बसवता येते, मध्ये हवा राहते, थर्मासच्या दोन भिंतींसारखी. आणि ओरखडे पडले की काच बदला. अख्खं हेल्मेट घ्यावं लागत नाही, नुसती काच काही शे रुपयांत मिळते. मी तेवढ्यासाठी तीन वर्षं थांबलो आणि त्या रात्री दहा-बारा फुटांनी वाचलो.

ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लागलेच पाहिजेत, त्यावर बोलत राहूच. पण या हंगामातही काही बिनदिव्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर असणारच. त्या दिसायला आपली काच स्वच्छ हवी.

आप्पा आता हेल्मेट घालतात का? लांब जाताना घालतात. गावातल्या गावात अजून टॉवेलच. परवा मात्र शेजारच्या काकांना अंगणात बसवून आईच्या टेपने त्यांचं डोकं मोजत होते.

तुम्हीही आज घरातली टेप काढा, आधी आईवडिलांचं डोकं मोजा आणि हेल्मेटमधली चिठ्ठी वाचा. जुळतंय का ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. गाडी सावकाश चालवा.