लुगड्याचे उत्तरायुष्य

नऊवारी लुगडे नेसणारीच्या अंगावरून उतरले म्हणजे त्याचे आयुष्य संपले, असे आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने कधीच मानले नाही. ते मध्येच विरले, तर विरलेला भाग काढून, दांड घालून पुन्हा नेसले जाई. त्यातूनही उरले तर मुलींची परकर-पोलकी, तान्ह्याचे दुपटे आणि कुंची त्यातून निघत. पुढे थरावर थर घालून वाकळ शिवली जाई आणि अखेरची चिंधी देवापुढचा काकडा किंवा सारवणाचे पोतेरे होऊन झिजे. नवजात अर्भकाला प्रथम गुंडाळावयाचे ते जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुतीतच, हा अनेक घरांचा परिपाठ होता. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यातले कागदी तर चिंध्या कुजवून, कुटून त्यांच्या लगद्याचा कागद करीत.

या काटकसरीमागे केवळ दारिद्र्य होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. हातमागावरील वस्त्रात किती श्रम ओतलेले असतात याची जाण गावोगाव होती, आणि म्हणूनच सालगड्याच्या कराराला धान्य व रोकड यांच्याबरोबर धोतरजोडीचेही कलम असे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची स्थापना केली. पुढे गिरण्या वाढून कापड स्वस्त झाले, तरी जुन्याची किंमत जाणण्याची दृष्टी मावळली नाही. दुसऱ्या महायुद्धात टंचाईपायी १९४३ साली कापडावर सरकारी नियंत्रण आले, तेव्हा या दृष्टीनेच असंख्य कुटुंबांची अब्रू झाकली.

नगरांत जुने कपडे घेऊन भांडी देण्याच्या व्यवहाराची खरी अधिकारी होती ती बोहारीण. दुपारच्या निवांत प्रहरी, डोक्यावर भांड्यांची पाटी आणि खांद्याला कपड्यांचे बोचके घेऊन ती चाळीच्या जिन्यावर येई; एकेक वस्त्र उजेडात धरून त्याचे विरलेपण पाही, शिवण ताणून बघे, खिसे-कॉलर तपासी, आणि पसंत न पडल्यास निःसंकोच परत करी. पाटीत आरंभी पितळेची व अॅल्युमिनियमची, पुढे स्टेनलेस स्टीलची भांडी असत. एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस चाले. जरीकाठी शालूवर तिची नजर विशेष, कारण जर जाळून तिच्यातली चांदी काढता येई. बोचक्यातले कपडे धुऊन, रफू करून, इस्त्री फिरवून पुण्यातल्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी मांडले जात आणि तेथे मजूर, हमाल, नुकतेच शहरात आलेले तरुण आपल्या पसंतीने, आपले दाम मोजून ते विकत घेत. या साखळीत कोणी दाता नव्हता आणि कोणी याचकही नव्हता. या कष्टाळू स्त्रियांना समाजाने मात्र सदैव उंबऱ्याबाहेरच उभे केले, ही गोष्ट मनाला फार लागते.

आज महाविद्यालयांतील तरुण-तरुणी जुने कपडे गोळा करण्यास उत्साहाने पुढे येतात, हे शुभलक्षण होय. परंतु २००४ सालच्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत म्हणून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते, ही हकीकत त्यांनी ध्यानात ठेवावी. मळके, फाटके, निरुपयोगी असे कितीतरी त्यात होते. बोहारणीने ज्याच्या बदल्यात वाटीसुद्धा दिली नसती, ते आपण आपद्ग्रस्तांच्या अंगावर घालू पाहिले. संकलनाच्या मेजावर बसणाऱ्याने तिचीच परीक्षा लावावी: कापड उजेडात धरावे, शिवण ताणून पाहावी आणि नकार देण्यास कचरू नये. जे नाकारले त्यातले सुती वाकळेच्या थरात जाईल; टेरिकॉटसारख्या मिश्र धाग्याचा मात्र वाकळेला फारसा उपयोग नाही, तो घाम टिपत नाही, म्हणून नवे कापड घेतानाच तो विचार झालेला बरा.

१९९९ साली दिल्लीत अंशु गुप्ता यांनी स्थापन केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने जुन्या देवघेवीचे मर्म वेगळ्या मार्गाने जपले आहे. तेथे गावकरी आपल्याच गावासाठी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात, तळ्यातला गाळ उपसतात, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून शहरांतून आलेले, निवडून नीट केलेले कपडे घरी नेतात.