अँटीहीरोची कुळकथा : गँगस्टरपटांपासून ‘दीवार’पर्यंत

अँटीहीरो म्हणजे कथेत नायकाची जागा ज्याला मिळालेली आहे, परंतु नायकाकडून परंपरेने अपेक्षिलेले सद्वर्तन ज्याच्या ठायी नाही, असे पात्र होय. खलनायकाची ओळख मात्र त्याच्या दुष्टपणाइतकीच त्याच्या स्थानावरून पटते, कारण तो दुसऱ्या कोणाच्या तरी वाटेत उभा असतो आणि कथा त्याच्याकडे समोरून पाहते, त्याच्या बाजूने जगाकडे क्वचितच पाहते. म्हणूनच दोघांतील भेद पापाच्या वजनावर ठरत नाही. खून दोघेही करतात, आणि अनेकदा अँटीहीरोच अधिक करतो.

कथेची नजर बदलून प्रतिस्पर्ध्याला नायकाच्या जागी बसवण्याची ही किमया चित्रपटाआधीची आहे. धनंजयाने ‘दशरूपका’त प्रतिनायक, म्हणजे नायकाचा प्रतिस्पर्धी, लोभी, उद्धट आणि पापकर्मी असल्याचे सांगितले, परंतु भासाच्या नावावर असलेल्या ‘ऊरुभंगा’त तोच प्रतिस्पर्धी, मांड्या भंगलेला दुर्योधन, रंगभूमीच्या मध्यभागी येतो आणि सवयीने मांडीवर बसू पाहणाऱ्या लहानग्या मुलाला त्याला अडवावे लागते. दुर्योधनाची कृत्ये महाभारतातलीच राहतात, फक्त प्रेक्षकाची बसण्याची जागा बदलते.

चित्रपटात या प्रकाराला ठसठशीत रूप आले ते अमेरिकेत, दारूबंदीच्या अखेरच्या वर्षांत. 1931 मध्ये ‘लिटिल सीझर’मधून एडवर्ड जी. रॉबिन्सन आणि ‘द पब्लिक एनिमी’मधून जेम्स कॅग्नी यांनी उभे केलेले टोळीवाले कथेच्या केंद्रस्थानी होते, आणि मंदीने पोळलेल्या प्रेक्षकाला त्यांच्या उत्कर्षात गोडी वाटत होती. अखेरीस ते मरत असत, पण चित्रपटाचा बहुतेक वेळ त्यांच्या चढत्या काळात जाई, आणि नीतिरक्षकांना टोचले ते नेमके हेच. हॉवर्ड हॉक्स यांच्या ‘स्कारफेस’ला (1932) तर ‘राष्ट्राची लाज’ अशा अर्थाचे उपशीर्षक जोडावे लागले आणि नायकाला खटला चालवून फाशी दिल्याचा पर्यायी शेवटही चित्रित करावा लागला. 1930 मध्ये स्वीकारलेल्या आणि 1934 पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने कठोरपणे राबवलेल्या निर्मितीसंहितेत, म्हणजे चित्रपटांत काय दाखवावे याविषयी निर्मात्यांनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीत, प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याच्या पारड्यात पडता कामा नये असे बजावले होते. अँटीहीरोची नेमकी व्याख्या एखाद्या समीक्षकाआधी त्याला रोखू पाहणाऱ्या नियमावलीनेच करून ठेवली, असे म्हणणे त्यामुळे वावगे ठरू नये. ही संहिता 1968 मध्ये मोडीत निघण्याच्या आदल्याच वर्षी ‘बॉनी अँड क्लाइड’ने दरोडेखोर जोडप्याला प्रेक्षकांच्या गळ्यातले ताईत करून टाकले होते.

हिंदी चित्रपटाने हा वळसा आपल्या पद्धतीने घेतला. बॉम्बे टॉकीजच्या ‘किस्मत’मध्ये (1943) अशोककुमारने रंगवलेला शेखर सराईत चोर असूनही त्याला ना गोळी लागते ना फास, उलट तो एका श्रीमंताचा हरवलेला मुलगा निघतो, आणि हा चित्रपट कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालतो. स्वातंत्र्यानंतर मात्र हिशेब चुकता करण्याचे काम घराकडे आले. ‘मदर इंडिया’त (1957) दरोडेखोर झालेल्या बिरजूला आई गोळी घालते, तर दिलीपकुमारची निर्मिती असलेल्या आणि सेन्सॉरने बराच काळ अडवून धरलेल्या ‘गंगा जमुना’त (1961) डाकू झालेल्या गंगाला पोलीस असलेला सख्खा भाऊ. कायद्याची गोळी आप्ताच्या हातून सुटल्यामुळे शिक्षा झाल्याचे समाधान आणि हळहळ या दोन्ही भावना प्रेक्षकाला एकाच वेळी अनुभवता येऊ लागल्या.

या घराण्याचा सर्वांत पक्का नमुना म्हणजे सलीम-जावेद यांनी लिहिलेला आणि यश चोप्रा यांनी दिग्दर्शित केलेला ‘दीवार’ (1975). त्यातील विजय मुंबईच्या गोदीत हमाली करून पुढे तस्कर होतो. त्याचा प्रतिस्पर्धी सामंतही तस्करच आहे. दोघांचा माल, धंदा आणि शहर एकच असूनही सामंत खलनायक ठरतो आणि विजय ठरत नाही, याची कारणे पटकथेच्या बांधणीत सापडतात. विजयच्या हातावर बाप चोर असल्याचे गोंदण बळजबरीने उमटवलेले प्रेक्षकाने पाहिलेले असते, बूटपॉलिश करणाऱ्या त्या पोराने फेकलेले पैसे उचलायला नकार दिलेला असतो, आणि त्याची पहिली मारामारी हमालांकडून हप्ता उकळणाऱ्या गुंडांशी होते. सामंताला मात्र असे बालपण पटकथा देत नाही. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की, चित्रपटाचा आरंभ विजयच्या पोलीस भावाच्या, रवीच्या, सत्कारसमारंभात होतो आणि पुढची सारी हकिगत आईच्या आठवणीतून उलगडते. म्हणजे विजयला पाहणारी नजर त्याच्यावर जीव लावणाऱ्या, आणि तरीही त्याचे घर सोडून जाणाऱ्या बाईची आहे. त्यामुळे माया आणि निषेध हे दोन्ही त्या नजरेत आधीपासूनच असतात, आणि विजयचा कैवार घेणाऱ्या प्रेक्षकाला त्याच्या कृत्यांचे समर्थन करावे लागत नाही. पोलिसाच्या गणवेशातला भाऊ शशी कपूरसारख्या देखण्या नटाने साकारूनही फिका वाटतो, हा दिग्दर्शनाचा दोष नसून या रचनेचा अपरिहार्य परिणाम मानावा लागेल.

त्याच वर्षी त्याच लेखकजोडीने ‘शोले’त डाकू गब्बरसिंग निर्माण केला. त्याचे संवाद लोकांना तोंडपाठ झाले, तरी तो अँटीहीरो झाला नाही. कारण लोकप्रियता म्हणजे सहानुभूती नव्हे, आणि गब्बरला ना बालपण दाखवले आहे ना कुठली जखम. त्याच्यावर सूड घेऊ पाहणाऱ्या ठाकूरच्या हातून त्याचा मृत्यू होतो असा मूळचा शेवट सेन्सॉरच्या आग्रहामुळे बदलून त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागले, परंतु या कात्रीचे कारण गब्बरविषयीचा कळवळा नव्हता, कायदा ठाकूरने हाती घेण्यावर तिचा रोख होता.

‘दीवार’ने बसवलेला क्रम अब्बास-मस्तान यांच्या ‘बाजीगर’ने (1993) उलटा केला. शाहरुख खानचा अजय प्रेमात पडलेल्या निरपराध मुलीला इमारतीच्या गच्चीवरून ढकलून देतो तेव्हा त्याच्या कुटुंबाची झालेली वाताहत प्रेक्षकाला पुरती ठाऊक नसते. आधी खून आणि मागाहून कैफियत, अशी ही मांडणी आहे. त्या घटकेपुरता तो निखळ खलनायकच असतो, आणि उत्तरार्धात उजेडात आलेला भूतकाळ ती वाताहत करणाऱ्या मदन चोप्रावरील सूडाला पुरला तरी त्या मुलीच्या खुनाला पुरत नाही. पटकथेने अखेर त्याला विजयप्रमाणेच आईच्या कुशीत मरण दिले. पण गच्चीवरचा तो प्रसंग ज्यांना विसरता आला नाही, त्यांच्यापुरता हा उसना घेतलेला शेवट फारसा उपयोगी पडत नाही.